सेहरा बांधताना दुखणं बोलू नये

अकोल्याच्या जुन्या शहरात दगडी पूल ओलांडून आत शिरलं की नसीमबानोचं दुकान कुणाला विचारावं लागत नाही. मोगऱ्याच्या दिवसांत नुसत्या वासावर माणूस तिथे पोचतो. दुकान म्हणजे घराचाच पुढचा ओटा. वर पत्रा, खाली गोणपाट, गोणपाटावर ओल्या फडक्यात गुंडाळलेली फुलं, आणि मधोमध मांडी घालून बसलेली नसीमआपा. जुन्या शहरातले कितीतरी नवरदेव तिच्या हातचा सेहरा कपाळाला बांधून घोडीवर चढले. त्यांतले काही पुढे बायकोशी कसे वागले हा वेगळा विषय. त्यात सेहऱ्याचा दोष नाही, असं ती स्वतःच सांगते.

जीभ तिखट. फार घासाघीस करणाऱ्याला ती म्हणते, कागदाच्या फुलांचा घ्या, तो सुकत बी नाई. पण त्याच जिभेला एक लगाम होता. तिच्या माहेरी आजीपासून हाच धंदा, आणि त्या घरची एक रीत होती: सेहऱ्याचा दोरा एकदा हातात घेतला की शेवटची गाठ पडेपर्यंत दुखणं, औषध, मौत, तलाक यांतलं काहीही तोंडातून काढायचं नाही. जो शब्द बोलाल तो कळीबरोबर दोऱ्यात जातो आणि नवरदेवाच्या कपाळावर जाऊन बसतो, असं तिची आई सांगायची. हे खरं की खोटं याची चौकशी नसीमबानोने कधी केली नाही. तुबा, तिची लेक, लहानपणी एकदा तापाने फणफणली होती आणि आतून रडत होती. गिऱ्हाइकाने विचारलं, पोट्टी काहून रडते? तर ही हसून म्हणाली, तिले बी नवरदेव पाहाचा हाये. गाठ पडली, गिऱ्हाईक गेलं आणि मग ती पोरीला उचलून दवाखान्यात धावली.

या रीतीनेच पुढे तिचा घात केला. पण रीतीवर राग काढून काय होणार? ज्यांच्यावर काढायचा ते थंड हवेच्या खोलीत, काचेच्या दाराआड बसतात.

चाळिशीच्या आतच तिच्या बोटांना काहीतरी झालं. सकाळी उठल्यावर मूठ वळेना. पेरं बोरांसारखी सुजली. सुईत दोरा ओवायला तुबाला हाक मारावी लागे. गल्लीतल्या बायकांनी मेथ्या सांगितल्या, एरंडेल सांगितलं, एकीने तर नवऱ्याच्या डोक्यात तेल घालणं बंद कर म्हणून सांगितलं. शेवटी अमरावतीच्या सांध्यांच्या डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं. हा साधा वात नाही, हा आमवात. शरीराची राखण करणारी जी शक्ती असते ती बिथरते आणि घरच्याच माणसांवर काठी चालवते. नसीमआपाला हे लगेच पटलं. म्हणाली, आमच्या खानदानात हे काही नवं नाई.

गोळ्या झाल्या. तोंड आलं, केस गेले, बोटं जिथल्या तिथे. मग बाईंनी एक इंजेक्शन सुरू केलं. प्रयोगशाळेत जिवंत पेशींपासून बनवलेलं, बर्फाच्या डब्यातून येणारं, भलतंच महाग. महिन्यातून एकदा एस्टीने अमरावतीला जायचं, दवाखान्यात खाटेवर पडून ते टोचून घ्यायचं आणि दिवस मावळायच्या सुमाराला परत निघायचं. काही महिने असे गेले आणि एका सकाळी तिने चहाने भरलेला कप एका हाताने उचलला. तो तसाच हातात धरून ती रडत बसली. इनायतुल्ला, तिचा नवरा, पंपाच्या मोटारींचं वाइंडिंग करणारा अबोल माणूस. त्याला वाटलं, चहात काही पडलं.

औषधाचा खर्च विमा कंपनी देत होती. कंपनीने कुणावर मेहरबानी केली नव्हती. नसीमबानो धडधाकट होती, घरात कुणाला सर्दीच्या पलीकडे काही नव्हतं, तेव्हापासून इनायतुल्ला हप्ता भरत आला होता. ईद असो, दुकान बंद असो, हप्ता चुकला नाही. एजंट अनुप दर दिवाळीला फराळ आणून द्यायचा आणि म्हणायचा, चाचा, देव करो अन् तुम्हाले हे कधी लागू नये. जोवर लागलं नाही तोवर सगळं गोडीगुलाबीचं होतं.

लागलं तेव्हा कंपनीने आधी औषधच बदलायला लावलं. आमच्या यादीत दुसरं इंजेक्शन आहे, आधी ते वापरून बघा, म्हणे. डॉक्टरीणबाईंनी कळवलं की या बाईला हेच लागू पडलं आहे, बसलेली घडी मोडू नका. कंपनीचं उत्तर आलं, यादी म्हणजे यादी. मग ते दुसरं टोचलं. अंगावर गांध्या उठल्या, बोटं पुन्हा फुगली, ऐन लग्नसराईत तुबा कॉलेज बुडवून गोणपाटावर बसली. कंपनीची खात्री पटेपर्यंत उन्हाळा सरला. पहिलं औषध परत मिळालं, पण त्याने पूर्वीसारखा हात द्यायला पुष्कळ वेळ घेतला. एकदा बंद केलं की शरीर त्याला विसरतं, कधीकधी कायमचं, असं बाईंनी बजावलं होतं. अशी गोष्ट डॉक्टरला कळते, एस्टीतून जाणाऱ्या बाईला कळते, फक्त यादी करणाऱ्याला कळत नाही.

एवढ्यावर भागलं असतं तर हे सांगायलाच बसलो नसतो.

पुढच्या वर्षी चैत्रात एक गिऱ्हाईक आलं. शर्ट आत खोचलेला, बोलणं अदबीचं, वरच्या खिशात फोन. नाव सांगितलं शाकीब, गाव मूर्तिजापूर. धाकट्या भावाचा निकाह, सेहरा खास पाहिजे, आणि मावशीला म्हणतात तशी खाला म्हणून हाक मारत, माह्यासमोर बांधा, घरच्यांले सांगीन कसा बांधला ते. यात वावगं काही नव्हतं. सेहरा बांधताना बघायला घरची माणसं बसतातच, फुलं निवडतात, चहा पितात. नवरदेवाच्या डोक्याच्या मापाचा दोरा मात्र त्याने आणला नव्हता. तो घरून आणायचा असतो, हे कुठल्याही वऱ्हाडी घराला माहीत असतं. आजकालच्या पोरांना काय कळतंय, असं म्हणून नसीमबानोने अंदाजाने माप धरलं.

त्या दिवशी हात असा चालत होता की तिलाच मौज वाटली. मोगरा, गुलाब, मधे जरीची तार, लडीमागे लड. तो पोरगा टक लावून बघत होता. मग म्हणाला, "किती बारीक काम हाये खाला. बोटं दुखत नाईत?"

दोरा हातात होता. नसीमबानो म्हणाली, "अल्लाचा करम हाये बेटा. माह्ये बोटं कधीच दुखत नाईत."

"कधीच नाई?"

"कधीच नाई."

त्याने पुढे औषधपाण्याचं विचारलं तेव्हा मात्र तिने त्याला दटावलं. सेहरा सुरू असताना असं बोलू नये, आईनं शिकवलं नाई काय? पोरगा वरमला, इसार देऊन निघून गेला. निकाहच्या आदल्या दिवशी येतो म्हणाला.

ठरलेल्या दिवशी तिने फुलं बदलून सेहरा ताजा केला, ओल्या फडक्यात ठेवला, वाट पाहिली. कुणी आलं नाही. फोन बंद. निकाहचा दिवस उलटला. कुठल्या तरी घरात ऐन लग्नात काही वाईट घडलं असणार, असं तिच्या मनाने घेतलं. मूर्तिजापूरच्या त्या न पाहिलेल्या घरासाठी तिने नमाजनंतर दुआ मागितली. एकदा नाही, बरेच दिवस.

मग कंपनीचं पत्र आलं. इंग्रजीत होतं, तुबाने वाचून अर्थ सांगितला: प्रत्यक्ष पडताळणीत रुग्ण बारीक हातकाम विनासायास करताना आढळली, वेदना होत असल्याचं तिने स्वतः नाकारलं, सबब या औषधाची गरज सिद्ध होत नाही, यापुढे खर्च मिळणार नाही. नसीमबानोला आधी काही उमगेना. माझं हातकाम यांनी पाहिलं कधी? मग तिच्या हातातला पदर सुटला. "मूर्तिजापूरचा," ती म्हणाली. 

तिला काय काय वाटलं ते सांगायचं तर कागद जळेल. औषध गेलं याचा राग होताच. पण त्याहून मोठा राग दुसराच होता. तिने त्याला चहा पाजला होता. बेटा म्हटलं होतं. नसलेल्या भावासाठी, नसलेल्या निकाहसाठी तिने तिच्या आयुष्यातला सगळ्यात सुंदर सेहरा बांधला, आणि नसलेल्या मयतासाठी दुआ मागितली. चोर पाकीट मारतो तेव्हा निदान आपल्या तोंडची दुआ तरी घेऊन जात नाही. तो सेहरा दुसऱ्या कुणाच्या डोक्याला चालला नसता. ज्याच्या नावाचा त्याचाच असतो. सुकून काळा पडला होता. ती तो घेऊन मोर्णा नदीवर गेली आणि पुलावरून खाली टाकला. मोर्णेत लोक काय काय टाकतात, त्यात तोही गेला.

अनुप आला, हळहळला, म्हणाला, खाला, तुमी हाव म्हणाले पाह्यजे होतं ना, दुखते म्हणाले पाह्यजे होतं. इनायतुल्लाने आयुष्यात पहिल्यांदा कुणाला घराबाहेर हो म्हणून सांगितलं.

इंजेक्शन थांबलं आणि बोटं पुन्हा आखडत चालली. उधार-उसनं करून एक खेप भागवली असती, पण हे औषध आयुष्यभराचं; किती खेपा भागवणार? लग्नसराई ऐन भरात होती. तुबा बांधायची, पण तिच्या लड्यांना तो डौल नव्हता. जुनी गिऱ्हाइकं तोंडावर काही म्हणत नसत, पुढच्या खेपेला दुसरीकडे जात. नसीमबानो बाजूला बसून कळ्या निवडायची. पुढेपुढे कळीही चिमटीत येईना. डॉक्टरीणबाईंनी कंपनीला लांबलचक पत्र लिहिलं, तक्रारीवर तक्रार केली, आणि सरतेशेवटी कंपनीच्या अमरावतीच्या कार्यालयातून बोलावणं आलं.

तिथे साधनामॅडम नावाच्या अधिकारी होत्या. वाईट बाई नव्हती. पाणी विचारलं, खुर्ची दिली, आणि मग संगणकाचा पडदा नसीमबानोकडे फिरवला. पडद्यावर तिचीच बोटं होती. लडीमागे लड पडत होती. इतकी देखणी की ती क्षणभर राग विसरून बघत राहिली. मग तिचाच आवाज आला, माह्ये बोटं कधीच दुखत नाईत. कधीच नाई? कधीच नाई. आणि चित्र बंद झालं.

"याच्या पुढं मी आणखी बोलले होते," नसीमबानो म्हणाली. "सेहरा सुरू असताना असं बोलू नये म्हून सांगतलं त्याले. ते कुठं हाये?"

मॅडमनी इकडे तिकडे दाबून पाहिलं. आमच्याकडे एवढंच आलंय, म्हणाल्या.

तुबा इंग्रजीतून काही सांगू लागली, तिला आईने हाताने थांबवलं. मग तिने घरची रीत सांगितली, सबंध, आईच्या शब्दांत. मॅडमनी ऐकून घेतलं. श्रद्धेचा आदर आहे, म्हणाल्या, पण फाइलमध्ये तसं लिहिता येत नाही, आणि काही झालं तरी हात चालताना दिसतात ना?

नसीमबानोचा आवाज चढला नाही. जुन्या शहरात तिला ओळखणारे सांगतील, तो चढत नाही तेव्हाच सांभाळून राहावं.

"मॅडम, ते माह्ये हात नाईत. ते तुमचं इंजेक्शन हाये. चष्मा लावून माणूस पेपर वाचून राह्यला, म्हून तुमी त्याचा चष्मा काढून घ्याल काय? घ्या काढून. अन् मंग म्हणा, वाच."

मॅडमनी हजेरीची सही करा म्हणून कागद पुढे केला. नसीमबानोने पेन धरलं, ते घरंगळलं. पुन्हा धरलं, पुन्हा घरंगळलं. तिसऱ्यांदा तिने ते टेबलावरच राहू दिलं आणि दोन्ही हात कागदावर पालथे ठेवले. सुजून लाल झालेले, बोटं एका बाजूला कललेली. मॅडमनी शेजारच्या खोलीतून कंपनीच्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी एक सांधा दाबला. नसीमबानोच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि डॉक्टर समाधानाने म्हणाले, हां, आता आजार दिसतोय. आता मंजूर करता येईल.

म्हणजे हात बिघडवून आणले म्हणून काम झालं. सहा महिन्यांचं औषध मंजूर झालं, त्यानंतर पुन्हा पडताळणी. सही म्हणून अंगठा घेतला. निघताना मॅडमनी तिला बाजूला घेऊन, अगदी आपलेपणाने सांगितलं, पुढच्या वेळी कुणी अनोळखी आलं तर त्याच्यासमोर एवढं भराभर काम करू नका.

"मंजे मी बरी झाले का बंद, अन् बिघडले का चालू?" नसीमबानोने विचारलं.

मॅडमनी नियमाचं काहीतरी सांगितलं.

औषध सुरू झालं. बोटं परत आली, सगळी नाही. उजव्या हाताची शेवटची दोन वाकली ती वाकलीच. मधल्या काळात सांधे आतून जखडले, आता ती उघडणार नाहीत, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, आणि सांगताना त्यांनाच रडू फुटायची वेळ आली. नसीमबानो रडली नाही. तिने उरलेल्या तीन बोटांनी दोरा धरायला शिकून घेतलं. डौल परत आला, वेग थोडा कमी.

इनायतुल्लाने ओट्याला पडदा लावला. मॅडमचा सल्ला त्याने मनावर घेतला होता. फुलं पुढे, काम मागे. गिऱ्हाईक आलं की तुबा बोलायची, नसीमबानो हात पदरात घेऊन बसायची. आधी ती लोकांपासून दुखणं लपवत होती, आता चालणारे हात लपवायला लागली. तिन्हीसांजेला ती त्या पडद्याआड सेहरे बांधायची आणि दात खायची. नवरा विचारायचा, दुखतं का? ती म्हणायची, दुखत नाई, जळते.

थंडीत चांदूर बाजारहून एक कुटुंब आलं. नवरदेवाची आई, मावशी, आणि शाइस्ता नावाची बहीण. आईने पदराच्या गाठीतून माप घेतलेला दोरा काढला. माह्या लग्नात तुमच्या अम्मीच्या हातचा सेहरा होता, ती म्हणाली, आता पोराच्या लग्नात तुमच्या हातचा पाह्यजे, अन् आमच्या डोळ्यांपुढं. तुबाने नेहमीचं कारण पुढे केलं. आतमधे बांधून ठेवू, उद्या न्या. बाईचा चेहरा पडला. डोळ्यांपुढं नाई? आमचं काही चुकलं काय?

पडद्यामागे नसीमबानोने हे ऐकलं. ती उठली, पडद्याची दोरी ओढली, तुटेना, तेव्हा सुरीने कापली. पडदा गोळा करून घरात फेकला आणि गोणपाटावर, मधोमध, आपल्या जागी येऊन बसली. दोरा मापला, कळी घेतली. हात चालू लागला. बायका सरसावून बसल्या. शाइस्ताने घरच्यांना दाखवायला फोन वर केला.

नसीमबानोची नजर त्या फोनवर गेली. ही खरी की कंपनीची? मापाचा दोरा आणला होता, आईचं नाव काढलं होतं, खरीच असणार. पण आता समोर आलेल्या प्रत्येक माणसाबद्दल हे मनात यायचंच, मरेपर्यंत. तेवढ्यात मावशीने मायेने विचारलं, "बोटं वाकडी झाली जी तुमची. दुखतात काय?"

दोरा हातात होता. तिच्या तोंडात जुनं उत्तर तयार होतं.

"दुखतात," नसीमबानो म्हणाली. मग शाइस्ताकडे वळली. "काढ बाई, नीट काढ. माह्या अंगात आमवात हाये. हे हात जे चालून राह्यले ते इंजेक्शननं चालून राह्यले. ही दोन बोटं ज्या दिवसांत इंजेक्शन बंद केलं त्या दिवसांत गेली. कोणाले दाखवाचं असन त्याले दाखव."

तुबाने डोळे मिटून घेतले. नवरदेवाच्या आईने अर्ध्या झालेल्या सेहऱ्याकडे पाहिलं, जसं दुधात काही पडल्यावर बाई भांड्याकडे बघते. तीही याच मुलखातली होती, तिच्याही घरी हीच रीत असणार. हळू आवाजात ती म्हणाली, "हा नको. नवा बांधा. अन् आता मधे काही बोलू नका."

नसीमबानोने कुरकुर केली नाही. सुरी घेतली, दोरा कापला, सगळी फुलं बाजूला सारली. त्यांची भरपाई ती मागणार नव्हती. नवा दोरा काढून तिने मापाला लावला आणि मग बाईकडे पाहिलं.

"नवा बांधते," ती म्हणाली. "माह्याकडून काही बोलणार नाई. पण कोणी विचारलं तर खरं सांगीन. हा दोरा हातात असताना बी सांगीन. चालत असन तर बसा, नाईतर चौकात दुसरं दुकान हाये."

नवरदेवाची आई उभी राहिली होती. तिने चपलेत एक पाय घातला. त्या वाकड्या दोन बोटांकडे बराच वेळ पाहिलं. मग चपलेतून पाय काढून ती खाली बसली, मावशीला म्हणाली, तू गप राह्य, आणि स्वतःच्या हाताने एकेक कळी निवडून नसीमबानोच्या पुढे ठेवू लागली.